सीओपीडीमुळे ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकता येत नसेल, तर दुसरी चाचणी मागता येते का?

तुमच्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे आणि त्यांची अपुरी फुंकर म्हणजे चाचणीला नकार असे पोलिसांनी समजू नये, ही तुमची काळजी अगदी रास्त आहे. मी फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचण्या करतो आणि मनापासून प्रयत्न करूनही फुंकर कमी पडणारे रुग्ण मला नेहमी भेटतात.

रक्तातील अल्कोहोल फुप्फुसांच्या खोल भागात श्वासात उतरत असल्याने यंत्राला तिथली हवा लागते. त्यासाठी बहुतेक यंत्रे साधारण 1 ते 1.5 लीटर हवा, ठरावीक वेगाने आणि मध्ये न थांबता, मागतात. सीओपीडीत हवा बाहेर पडते खरी, पण इतक्या सावकाश की यंत्र तो नमुना अपुरा ठरवते. तीव्र दमा किंवा मोडलेली बरगडी असल्यासही हेच घडते. चेहऱ्याच्या पक्षाघातात तर ओठ नळीभोवती घट्ट मिटतच नाहीत.

अनेक देशांत सबळ कारणाशिवाय नमुना न देणे हाच गुन्हा असल्यामुळे वडिलांनी आजाराची माहिती फुंकण्यापूर्वीच द्यावी, प्रयत्न टाळू नये आणि रक्ततपासणीची तयारी स्पष्ट शब्दांत सांगावी. अलीकडचा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीचा, अहवाल सोबत असणे फार उपयोगाचे ठरते, कारण त्यात फुंकरीचा वेग आणि हवेचे प्रमाण दोन्ही आकड्यांत असतात. नुसत्या औषधांच्या चिठ्ठीतून ते कळत नाही.

पर्यायांमध्ये रक्ततपासणी सर्वांत भरवशाची, मात्र सुई टोचण्यापूर्वी त्वचा अल्कोहोल नसलेल्या जंतुनाशकाने पुसलेली हवी. वडील रक्त पातळ करण्याची गोळी घेत असतील, तर तेही आधी सांगावे. लघवीची चाचणी श्वासावर अवलंबून नसते, पण मूत्राशयात आधीपासून साठलेली लघवी त्या क्षणाची स्थिती दाखवत नाही, म्हणून ती टाकून देऊन थोड्या वेळाने दुसरा नमुना घेणे योग्य असते. लाळेची पट्टी केवळ प्राथमिक अंदाजापुरती आहे, शिवाय सीओपीडीच्या काही इनहेलरांनी तोंड कोरडे पडत असल्याने पुरेशी लाळ मिळेलच असे नाही.

काही इनहेलरांत थोडे अल्कोहोल असते, त्यामुळे नुकताच इनहेलर घेतला असल्यास वडिलांनी तसे सांगून पंधरा-वीस मिनिटे थांबण्याची विनंती करावी. तेवढ्या वेळात तोंडातील अंश निघून जातो.