संयुग्मनात वासरू होत नाही

प्रश्न: जिवाणूंच्या 'कॉन्जुगेशन'ला मराठीत 'संयुग्मन' म्हणावं की 'समागम'? ते लैंगिक पुनरुत्पादनात मोडतं का?

संयुग्मन. 'समागम' मुळीच नको, आणि पुनरुत्पादन तर नाहीच. पुनरुत्पादनात संख्या वाढते. इथे दोन पेशी चिकटतात, एकीचा डीएनए दुसरीत जातो आणि दोनच सुटतात.

लॅटिन 'युगुम', ग्रीक 'झुगॉन', संस्कृत 'युग' आणि बैलांच्या मानेवरचं आपलं 'जू' ही सगळी सख्खी भावंडं. 'युगुम'वरून कॉन्जुगेशन, 'झुगॉन'वरून झायगोट (फलित अंडपेशी), 'युज्'वरून युग्म आणि योग. सकाळी जुवाला दोन बैल जोडले की संध्याकाळी दोनच सुटतात, वासरू होत नाही! इतका चपखल शब्द हाताशी असताना समागम कशाला?

या गोंधळात खुद्द जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांचाही हात आहे. 1946 साली टेटम यांच्यासह त्यांनी इ. कोलाय या जिवाणूत जनुकांचा पुनर्संयोग (दोन पेशींच्या जनुकांची नवी जुळणी) दाखवला तो बिनतोडच. पण पुढे ही क्षमता देणाऱ्या प्लास्मिडला, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएला, 'फर्टिलिटी'चा एफ चिकटला. फर्टिलिटी कसली? सुमारे एक लाख बेसजोड्यांचं ते डीएनएचं दुपेडी कडं. त्याच्या जनुकांवरून बनलेला पिलस हा केसासारखा तंतू दुसऱ्या पेशीला धरून आखडतो, रिलॅक्सेज हे विकर ठरावीक जागी एका धाग्याला छेद देतं, तेवढा धागा पलीकडे सरकतो आणि पूरक धागा दोन्हीकडे नव्याने तयार होतो. देणारीचं काहीच जात नाही.

म्हणून 'जनुकांची देवाणघेवाण' हेही सैलच. विल्यम हेज यांनी 1952 सालीच दाखवलं: स्ट्रेप्टोमायसिनने देणाऱ्या पेशी मारल्या तरी पुनर्संयोगी वसाहती मिळतात, घेणाऱ्या मारल्या तर मिळत नाहीत. 'घेवाण' आहे कुठे?

एफ गुणसूत्रातच शिरला असेल तर तो गुणसूत्रालाही ओढत नेतो. अख्खं गुणसूत्र जायला 37 अंशांवर सुमारे 100 मिनिटं लागतात, आणि जोड त्याआधीच तुटते. वोलमन आणि जाकोब यांनी ती मुद्दाम ब्लेंडरमध्ये घालून ठरावीक वेळांनी तोडली आणि कोणतं जनुक कितव्या मिनिटाला पोचतं यावरून नकाशा काढला, इ. कोलायच्या गुणसूत्रावरची अंतरं त्यामुळेच मिनिटांत मोजत. अशा अर्धवट ऐवज मिळालेल्या पेशीला 'मेरोझायगोट' म्हणतात. ग्रीक 'मेरोस' म्हणजे अंश; पुढे पुन्हा आपलं जू! एफचा एक तुकडा आधी शिरतो, उरलेला अगदी शेवटी, त्यामुळे घेणारी पेशी सहसा एफविनाच राहते.