फी थकली म्हणून कॉलेज कागद देत नाही

"ऑफिसात म्हणाले, बाकी भरल्याशिवाय काहीच मिळणार नाही. पंधरा दिवसांत नोकरीवर हजर व्हायचंय. घरी अजून सांगितलं नाही." बी.एस्सी. झालेली मुलगी मोबाइल उलटा मांडीवर धरून बसली होती. तो वाजला की दचकायची.

यातला 'काहीच' हा शब्द आधी सोडवावा लागतो. तिच्या दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका प्रवेशावेळी कॉलेजने ठेवून घेतल्या होत्या. त्या तपासून लगेच परत द्यायच्या असतात, ठेवून घ्यायच्या नसतात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2018 मध्येच तसं बजावलं आहे. अडला होता तो पदवीचा निकाल, आणि तो प्रश्न वेगळा.

बाकी 27,400 रुपये. वर्षवार, शीर्षवार (कोणत्या बाबीची किती फी असा) तपशील लेखी मागितल्यावर त्यातले 21,000 'शिष्यवृत्ती येणे' निघाले. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्यानेच कॉलेजात भरायची असते. हे कित्येक घरांत कुणी सांगितलेलंच नसतं. पासबुक भरून आणलं, तर 12,600 दीड वर्षापूर्वीच जमा झालेले, आणि आईच्या दवाखान्यात खर्च झालेले. यात कुणाची लबाडी नव्हती, हे तिला दोनदा सांगावं लागलं. राज्याच्या वाट्याचे 8,400 महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, प्रलंबित होते. त्याचा पाठपुरावा कॉलेजनेही करायला हवा. म्हणजे तिने द्यायचे 19,000: खर्च झालेले 12,600 आणि शिष्यवृत्तीबाहेरचे 6,400.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत. एकीवर आवक क्रमांकासह पोच. मागण्या वेगवेगळ्या: मूळ गुणपत्रिका लगेच परत, नोकरीसाठी निकालाची गुणपत्रिका, आणि हप्ते: आता 5,000, मग दरमहा 3,500 असे चार. नुसतं 'सहानुभूतीने विचार व्हावा' लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. रक्कम आणि तारखा असल्या की त्यावर शेरा मारणं भाग पडतं.

उत्तर आलंच नाही, तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जायचं. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार तिचा अहवाल शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत यायला हवा. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. पण खरी थकलेली फी समिती माफ करेल, ही आशा धरू नये. दरम्यान विद्यापीठाने गुणपत्रिका डिजिलॉकर या सरकारी ॲपवर टाकली आहे का ते पाहावं आणि कंपनीला मुदतीसाठी ईमेल करावा.

हप्त्याच्या प्रत्येक पावतीवर वर्ष आणि शीर्ष लिहून घ्यायचं. पावती 'इतर शुल्क' म्हणून फाटली, तर पैसे जातात आणि खात्यावरची बाकी तशीच राहते.