गिऱ्हाईक कोटेशनचा ब्रेकअप मागतं तेव्हा

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप तीनदा वाचला. कोथरूडचा जुना फ्लॅट, दोन बाथरूम आणि किचनचा ओटा, तू दिलेलं ३ लाख ९० हजारांचं एकरकमी कोटेशन, आणि त्यावर त्या गृहस्थांचं उत्तर : "आकडा ठीक वाटतो, पण कशाचे किती ते सुटं लिहून द्या." द्यावं का, एवढंच तू विचारलंयस. हो किंवा नाही लिहून मोकळा झालो असतो, पण या प्रश्नावर मी दोन्हीकडून मार खाल्लेला आहे, म्हणून दुकान बंद करून बसून लिहितोय.

पहिला मार १९९६ सालचा. तोवर मी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांवर पोटठेकेदार होतो. तिथे सगळं उघड्यावर असतं. बी-१ म्हणजे टक्केवारीचं टेंडर, बी-२ म्हणजे आयटमवार दराचं. दरसूची छापील. एका आयटमला किती गोणी सिमेंट, किती गवंडी, किती बिगारी, याचं पृथक्करणसुद्धा पुस्तकात मिळतं. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या पृथक्करणात तर ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून १५ टक्के चक्क छापलेले असतात. त्या वातावरणात वाढलेला मी, पहिलं खासगी काम मिळायची वेळ आली तेव्हा सहकारनगरातल्या एका बंगलेवाल्यांना चार पानी पृथक्करण नेऊन दिलं. गोण्या, मजूर, सगळं. शेवटी १५ टक्के. गृहस्थांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "माझ्या ठेवीला बँक बारा टक्के देते. तुम्हाला पंधरा कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. त्या पंधरात गोडाऊनचं भाडं असतं, सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याच्या प्लेटा असतात, सुपरवायझरचा पगार असतो, पावसात आठ दिवस बसून राहिलेल्या मजुरांना दिलेली उचल असते, आणि दोन वर्षांनी "जरा येऊन बघा, ओल दिसतेय" म्हणून आलेला फोनही असतो. पण ते तोंडाने सांगून पटत नाही. आठवड्याने कळलं की माझी चार पानं दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली होती आणि त्याने प्रत्येक ओळीत थोडं थोडं कमी करून काम घेतलं. मोजमाप माझं, डोकं माझं, काम त्याचं.

सरकार नफा छापतं कारण सरकारकडे नकाशा असतो, इंजिनियर असतो, मेजरमेंट बुक असतं. घरमालकाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असतो एक साडू, ज्याने मागच्या वर्षी बाथरूम केलेलं असतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. एक ओळ, एक आकडा. "किचन ओटा, ग्रॅनाइट, मालासकट, ठोक." २००३ साली याच ओळीने मला २२ हजारांना बुडवलं. माझ्या डोक्यात ओटा म्हणजे वरची पाट, सिंकची कापणी आणि खाली विटांचे आधार. बाईंच्या डोक्यात ओटा म्हणजे खालचे कडप्प्याचे कप्पे, भिंतीला दोन फूट टाइल आणि मिक्सरसाठी वेगळा पॉइंट. दोघंही खरं बोलत होतो. कागद मात्र दोघांच्याही बाजूने काही बोलत नव्हता. भांडून काम सोडलं असतं तर राहिलेलं बिलही बुडालं असतं, म्हणून करून दिलं. त्यातून घरबांधणीचा उल्लेख २०१९च्या ग्राहक कायद्यात सेवेच्या व्याख्येतच आहे. वाद तिथवर गेला तर आधी तुझा कागदच मागतील.

तेव्हा द्यावं की नाही असा प्रश्नच नाही. काय द्यावं, असा आहे. मी पुढे जो पायंडा पाडला तो सांगतो : कामाचा तक्ता मोकळ्या हाताने द्यायचा, खर्चाचा तक्ता आपल्या वहीत ठेवायचा. गिऱ्हाइकाला हे कळायला हवं की त्याच्या पैशात त्याला काय मिळणार आहे. मला सिमेंट कितीला पडतं, फरशीवाला माझ्याकडून काय घेतो, हे कळून त्याला काहीच मिळत नाही. फक्त घासाघीस करायला जागा सापडते.

तुझंच लहान बाथरूम घेऊ. सात बाय पाच. भिंतींचा घेर २४ फूट, सात फूट उंचीपर्यंत टाइल, म्हणजे १६८. अडीच बाय सातचा दरवाजा वजा केला की साधारण १५०. खालची ३५ मिळवली की १८५ स्क्वेअर फूट. कापणी आणि तुटफुटीचे दहा टक्के धरून माल आणायचा २०४ फूट. हे सगळं लिही. टाइलचा बेसिक दर फुटाला किती धरलाय तेही लिही, म्हणजे शोरूममध्ये वहिनींना दुप्पट भावाची टाइल आवडली तर फरक कुणाचा, हे आधीच ठरलेलं असेल. पाइप कोणत्या कंपनीचा, नळ कोणत्या रेंजचे, वायर किती एमएमची, पॉइंट किती. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय धरलेलं नाही : गीझर, आरसा, फॉल्स सीलिंग, जे नसेल ते. नसलेल्या गोष्टींची यादी लिहायला नवी मुलं लाजतात, काम हातचं जाईल म्हणून. माझी निम्मी भांडणं त्या यादीने मिटवली आहेत.

आता रकमा. त्यांनी "कशाचे किती" विचारलंय, तर रकमाही द्याव्या लागतील. पण ओळी कुठे तोडायच्या ते तुझ्या हातात आहे. ज्या गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत त्या एकाच रकमेत ठेव. तोडफोड, राडारोडा उचलणं, आतलं प्लंबिंग, नहाणी ट्रॅप (फरशीतल्या पाण्याच्या निचऱ्याची जाळी), वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट कोबा (फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा थर) आणि पाणी भरून ४८ तासांची चाचणी : हे एक काम आहे, याची एक रक्कम. कारण खालच्या फ्लॅटमध्ये गळलं तर जबाबदार तू एकटा. कोब्याची ओळ वेगळी दाखवलीस की कुणीतरी सांगतं, "हल्ली केमिकल मारतात, कोबा कशाला?" ती ओळ कापली जाते, आणि वर्षाने गळती होते तेव्हा कापलेली ओळ कुणाला आठवत नाही.

मी एकदा राडारोड्याचे आठ हजार वेगळे दाखवले होते. यजमान खूश होऊन म्हणाले, "ते राहू द्या, माझ्या भाच्याचा टेम्पो आहे." भाचा आलाच नाही. पोती बारा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सेक्रेटरींनी काम थांबवलं, माझे दोन फरशीवाले दुसऱ्या साइटवर गेले ते परत आणायला नऊ दिवस गेले. आठ हजार वाचवताना त्यांचे किती गेले ते त्यांनी मोजले नाहीत. माझे मी मोजले.

उलट, ज्या गोष्टी त्यांनी कमी-जास्त केल्या तरी बाकी काम बिघडत नाही, त्या खुशाल सुट्या दे. ओट्याचा ग्रॅनाइट, नळ-फिटिंग, आरसा, रंग. तिथे त्यांना मोकळेपणी निवडू दे. पैसे कमी करायची वेळ आली की ते तुझ्या मजुरीला हात घालण्याऐवजी ग्रॅनाइटचा दर्जा एक पायरी खाली आणतील. दोघांनाही ते बरं.

तिसरी जात म्हणजे जे आज कुणालाच माहीत नाही. इमारत १९८८ची म्हणतोस. भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप असतील, आणि टाइल उखडल्यावर मागचं प्लास्टर किती सुटेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते ठोक रकमेत धरलंस तर एकतर घाबरून जास्त धरशील आणि काम जाईल, नाहीतर कमी धरशील आणि तू जाशील. तिथे फक्त दर लिही, माप नंतर दोघांनी मिळून घ्यायचं. आणि माप कसं घेणार तेही लिही. मोजणीची पद्धत भारतीय मानक १२०० मध्ये आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टर असेल तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडाची, म्हणजे खिडकी-दरवाजाच्या मोकळ्या जागेची वजावट नाही, अर्धा ते तीनपर्यंत एकाच बाजूची, त्यावर दोन्ही बाजूंची, पण मग कडा वेगळ्या मोजायच्या. चार बाय चारची खिडकी म्हणजे जेमतेम दीड चौरस मीटर, म्हणजे एकाच बाजूची वजा होते. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. तो पूर्ण खिडकी वजा करून बसतो आणि तू त्याला लुटतोयस असं त्याला वाटतं. दर लिहिला पण मोजायची रीत लिहिली नाही, तर तो दर अर्धाच.

कच्च्या मालाच्या ओळी का नकोत, त्याचा ताजा दाखला. २२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन : "पेपरात वाचलं, आता कोटेशन कमी करा." वीस-पंचवीस गोण्यांचं काम, म्हणजे भांडण साताठशे रुपयांचं. त्यातून मी नोंदणी केलेला. सिमेंटवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेतो, म्हणजे तो कर माझ्या देण्यातून वजा होतो, त्यामुळे मला फरक जवळजवळ शून्य. हे मी अर्धा तास समजावलं. पटलं नाही ते नाहीच. चूक माझी, सिमेंटची ओळ वेगळी मीच लिहिली होती. सळई महागली तेव्हा मात्र "दोन हजार जास्त घ्या" असा फोन आजवर कुणी केलेला नाही. जाता जाता, "बिलात माल आणि मजुरी वेगळी दाखवा, कर वाचेल" असंही कुणीतरी सुचवेल. मालासकट घेतलेल्या कामात कर पूर्ण रकमेवर लागतो, ओळी तोडून तो हलत नाही. स्वतंत्र घर नव्याने बांधायच्या निव्वळ मजुरीला माफी आहे, पण ती फ्लॅटच्या दुरुस्तीला लावू नकोस. सीएला विचार.

एक गोष्ट मात्र लपवू नकोस. टाइलच्या दुकानात आपल्याला कमिशन मिळतं हे उघड गुपित आहे. गिऱ्हाईक स्वतः माल घेणार असेल तर ते कमिशन सोडून दे, दुकानदाराला सांग की त्यांच्याच बिलात कमी कर, आणि आपल्या कागदावर माल उतरवणं, वाहून नेणं, तपासणं यासाठी रक्कम धर. काउंटरवरचा पोरगा कधी ना कधी बोलून जातोच, आणि त्या दिवशी तुझ्या सगळ्या ओळी खोट्या ठरतात.

तसंच, चाणाक्ष लोक एक युक्ती शिकवतील : सुरुवातीच्या ओळी फुगवायच्या, शेवटच्या दाबायच्या, म्हणजे तोडफोड झाली की पैसे हातात. मोठ्या टेंडरात लोक करतात. घरकामात करू नकोस. मधेच काम थांबलं तर हिशेब त्याच ओळींवर होतो, आणि गिऱ्हाइकाला तोवर फक्त फोडलेली भिंत दिसत असते. पैशाची चिंता असेल तर सरळ टप्पे लिही : सुरुवातीला किती, पाण्याची चाचणी झाल्यावर किती, टाइल लागल्यावर किती.

आणि हे सगळं लिहायच्या आधी त्यांना फोन कर. "काका, सुटं कशासाठी हवंय? तसं करून देतो." बँकेच्या कर्जासाठी हवं असेल तर प्रश्नच नाही, बँकेला अंदाजपत्रक लागतंच. पैसे कमी पडत असतील तर आख्खा तक्ता नको, दोन पर्याय दे : टाइल सातऐवजी पाच फुटांपर्यंत घेतली तर किती वाचतील, एक बाथरूम दिवाळीनंतर केलं तर किती. दुसऱ्या कोटेशनशी ताडून बघायचं असेल तर कामाचा तक्ता पुरतो, तोच ताडायला हवा. समोरच्या कागदावर पाण्याच्या चाचणीचा पत्ताही नसेल. आणि निव्वळ संशय असेल तर कितीही ओळी लिही, संशय जाणार नाही. अशांना माझ्या जुन्या कामावर घेऊन जा. कर्वेनगरच्या त्या आजींकडे चहा मिळतो आणि खरं-खोटं त्या स्वतःच सांगतात.

एवढं करूनही एखादा म्हणेल, "तुमची खरेदीची बिलं दाखवा." तेव्हा शांतपणे सांग, बिलं दाखवून काम करायचं तर वेगळ्या पद्धतीने करू : माल तुम्ही आणा, मजुरी प्रत्यक्ष, आणि माझी देखरेखीची फी ठरलेली. मी अशी चार-पाच कामं केली आहेत. तीन आठवड्यांत नळाच्या वॉशरसाठी स्वतः दुकानात धावावं लागलं की बहुतेक जण म्हणतात, "तुम्हीच बघा हो सगळं."

कच्चा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव. शनिवारी पगार वाटून झाले की बघतो. आणि काम मिळालं तर हातोडा मारायच्या आधी खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढून ठेव, तारखेसकट. तिथे आत्ताच ओल आहे, असं तूच मागे म्हणाला होतास.

तुझा,
काका