जोडी जमवायची घाई नको

तुझ्या मालिकेचे पहिले तीन भाग वाचले, ताई. मन लावून लिहिलंयस. पण दुसऱ्याच भागात नायक-नायिका ‘तू मला आवडतोस’, ‘तू मला आवडतेस’ म्हणून मोकळी झाली. आता पुढे प्रेक्षकाने कशाची वाट बघायची?

‘डॉसन्स क्रीक’चा तिसरा सीझन बघ. 1998 ते 2003 चाललेली ही अमेरिकन मालिका. जोई आणि पेसी सुरुवातीला सतत भांडतात. मग पेसी तिला चित्र काढायला अख्खी भिंत भाड्याने घेऊन देतो. तिला काय हवंय ते त्याने लक्षात ठेवलंय. मला ते कुठल्याही कबुलीपेक्षा मोठं वाटतं.

तुझी दोघं अमळनेरहून जळगावला कॉलेजला जातात ना? मग गाडीतच ठेव त्यांना. धरणगावला गर्दी चढते, ती सरकते, मधली बॅग मांडीवर घेते. तो डबा उघडतो. कळण्याची भाकरी आणि भरीत. तिला तिखट सोसत नाही, म्हणून आज त्याने आईला मिरची कमी घालायला लावलीय. पहिल्याच घासाला तिला ते कळतं, पण ती बोलत काहीच नाही. या प्रसंगाला दोन पानं दे.

भांडणाचं कारण मात्र खरं हवं. अर्धवट ऐकलेलं वाक्य नको, फार वापरून झालंय ते. तिला पुण्याला ॲडमिशन मिळते आणि त्याला कपाशीचं शेत सोडता येत नाही, एवढं पुरे.

आणि घरी अहिराणी बोलणारी पोरं प्रेमात पडली की पुस्तकी मराठी का बोलतात गं? तेवढं आधी बदल.