आरशासमोर बसूनही बघ

प्रिय बाय,

पणजीत नोकरी लागली आणि पहिला पगार हातात पडायच्या आधीच कपड्यांची यादी तयार! वाचली मी. रंगांबद्दल माझं काही म्हणणं नाही. सावळीने पिवळा घालू नये, अंगाने भरलेल्या बाईने आडवे पट्टे टाळावेत, असले सल्ले देणारे गावोगाव आहेत, ते खुशाल खुंटीला टांग. फोंड्यात एवढी वर्षं मशीनवर बसते आहे, पण रंगामुळे वाया गेलेला कपडा माझ्याकडे क्वचितच आला. येतो तो मापामुळे, नाहीतर कापडामुळे.

'मला एल बसतो' असं लिहिलंस. कोणाचा एल? दर कंपनीचा वेगळा. चिठ्ठी न वाचता आधी खांदा बघ. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यायला हवी. कंबर, घेर, उंची मी बसल्या बैठकीला कमी करून देते; खांदा उतरला असेल तर बाही काढून मुंढा (बाही जोडायची काखेची गोलाई) नव्याने कापावा लागतो, आणि एवढं करून कपडा बेताचाच बसतो. तिथे पैसे घालू नकोस.

मुंढ्याची एक गंमत सांगते, शिंप्यांनाही कधी कधी पटवावी लागते. सैल मुंढा म्हणजे आरामाचा, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो जेवढा खाली उतरतो तेवढा हात वर करताना अख्खा कुर्ता वर खेचला जातो. मुंढा काखेला काचू नये, पण काखेजवळच हवा. डिचोलीहून रोज कदंबच्या बसने येणार आहेस, दांडी धरून उभी राहशील, तेव्हा कळेल. म्हणून दुकानात आरशासमोर नुसती उभी राहू नकोस. दोन्ही हात वर कर, वाक, स्टुलावर बस. बसल्यावर साइड कट कुठे उघडतो ते बघ. कटाचं टोक कमरेपाशी असेल तर खुर्चीत बसताच लेगिंग्जचं इलास्टिक दिसणार. लेगिंग्ज घातलीस तर उजेडाकडे पाठ करून वाक आणि मैत्रिणीला बघायला सांग. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच जाड दिसतं.

आता कापड. यादीतले ते 'क्रेप'चे कुर्ते बहुधा पॉलिस्टर आहेत. सुती धागा हवेतला दमटपणा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्क्यांपर्यंत सहज धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. एप्रिल-मेच्या आपल्या उकाड्यात घाम कापडात न मुरता पाठीवरच राहतो, तो यामुळे. शंका आली तर शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा (शिवणाचा दोरा नव्हे) ओढून काडी लाव. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होईल, पॉलिस्टर वितळून कडक मणी होईल. (दुकानात हा प्रयोग करू नकोस, घरी कर.) रेयॉन अंगाला थंड लागतं, पडतंही छान, पण ओलं झालं की कमकुवत होतं, पिळलं की उसवतं. ते जपून धुवायचं. सुती कापड शिवायला देण्याआधी भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे दे, नाहीतर पहिल्या धुण्यात आकसून बाह्या मनगटावरून वर जातील. आणि बाजूच्या शिवणीत एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांग. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) खाऊन झाल्यावर त्या मायेचं महत्त्व समजतं.

पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरं इनर घालतात, ही चूक मी रोज बघते. पांढऱ्याखाली पांढरं ठळक दिसतं. आपल्या कातडीच्या रंगाचं घे, दिसणारच नाही.

पावसाळ्यात पांढरा पलाझो घालून बाहेर पडलीस तर पहिल्याच दिवशी घोट्यापर्यंत तांबडी होशील. आपल्या मातीत लोह आहे, म्हणून डाग असा चिवट. ओला चिखल चोळू नकोस. वाळू दे, ब्रशने झाड, मग साबण लाव. ब्लीच तर अजिबात नको, त्याने लोहाचा डाग जास्तच पक्का बसतो. लिंबू-मीठ चोळून थोडा वेळ ठेवलं तर फिका पडतो, पण रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून बघ. इस्त्रीचे कपडे गरम-ओलसर असतानाच कपाटात ढकलू नकोस. जून ते सप्टेंबर ती बुरशीला दिलेली मेजवानीच.

स्कूटर घेशील तेव्हा ओढणीची गाठ मारून जॅकेटच्या आत. इथे फॅशनचा प्रश्नच नाही, चाकात ओढणी अडकून गळ्याला फास बसतो, जिवावर बेततं.

यादीत शेवटी 'एक कुणबी साडी' लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. शेतात राबणाऱ्या बायकांची ती साडी. लाल-पांढरी चौकडी, आखूड नेसायची, पदराची गाठ खांद्यावर, म्हणजे वाकून लावणी करताना पदर मधे येत नाही. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा हातमागावर आणून शहरात नेली; २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. घेताना उलटी बाजू बघ. विणलेली चौकडी दोन्हीकडून सारखी दिसते, छापलेली मागून फिकी. छापील असेल तर छापलेल्याच भावात घे. ऑफिसात नेसणार असशील तर पायघोळ नेस आणि खांद्यावर पिन लाव, त्यात कोणाचा अपमान नाही.

मंगेशीला किंवा कवळ्याला देवळात ऑफिसातून परस्पर जायची सवय लागेल तुला. तिथे कपड्यांचे नियम आहेत. बॅगेत एक सुती दुपट्टा असू दे, वाद घालण्यापेक्षा सोपं.

तर यादीतून दोन क्रेप कुर्ते आणि पांढरा पलाझो काढ. वाचलेल्या पैशांत चांगल्या मापाची गडद रंगाची एक सुती पॅन्ट घे, ती आठवड्यात तीनदा चालते. बाकीचं घेतलंस की टॅग न कापता, बिलं सांभाळून, रविवारी दुकानावर घेऊन ये. सकाळी ये, दुपारी मी मशीन बंद ठेवते.

तुझी,
मावशी