आधी ‘मिस हॅमिल्टन’ म्हणा

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांना ‘डॉक्टर अमुक’, ‘डॉक्टर तमुक’ म्हणत होते आणि तुमच्या विभागातल्या एकमेव कृष्णवर्णीय डॉक्टरबाईंना तेवढं नुसत्या नावाने पुकारलं. त्यांनी तिथल्या तिथे, आवाज न चढवता, दुरुस्ती केली. बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, “बाई फारच तिखट आहेत”, आणि तुलाही ते पटलं. अमेरिकेत सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, मग एवढं काय मनावर घ्यायचं, असं तू विचारतेस. विचारलंस ते बरं केलंस. पण त्या खोलीत बाकी कुणाला नुसत्या नावाने हाक मारली होती का, ते आठव.

अलाबामातल्या तुझ्या बर्मिंगहॅमपासून तासाभरावर गॅड्सडेन नावाचं गाव आहे. जून 1963 मध्ये तिथल्या कोर्टात मेरी हॅमिल्टन साक्षीला उभ्या होत्या. तिशीही गाठली नव्हती. ‘कोअर’ या नागरी हक्क संघटनेचं काम करायच्या. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कोर्टांत गोऱ्या साक्षीदाराला मिस्टर, मिस, मिसेस म्हणायचे आणि कृष्णवर्णीय माणसाला नुसतं नाव, मग तो सत्तरीचा का असेना. सरकारी वकिलाने नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, “मिस मेरी हॅमिल्टन.” लगेच पुढचा प्रश्न आला तो “मेरी” म्हणूनच. त्या म्हणाल्या, “माझं नाव मिस हॅमिल्टन आहे. मला नीट संबोधा.” वकिलाने पुन्हा “मेरी” म्हटलं. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला फर्मावलं, तरी त्या म्हणाल्या, नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही.

कोर्टाचा अवमान केला म्हणून 5 दिवस कैद आणि 50 डॉलर दंड झाला. त्यांनी कैद भोगली, दंड भरायला नकार दिला. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर लिहून ठेवलं की, नोंदीप्रमाणे हिचं नाव ‘मेरी हॅमिल्टन’ आहे, ‘मिस मेरी हॅमिल्टन’ नाही! शेवटी मार्च 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

त्या दिवसांत त्यांच्यापुढे किती मोठमोठे प्रश्न होते बघ. मतदानाचा हक्क, अटका, तुरुंगातली वागणूक. तरी त्या एका हाकेवर अडून बसल्या, आणि मला ते शंभर टक्के योग्य वाटतं. ज्या बाईला भर कोर्टात पोरीसारखी हाक मारता येते, तिची साक्षही पोरीच्या बडबडीसारखी बाजूला सारता येते. निकाल काय लागेल हे ठाऊक नसताना, उद्या तुरुंगात जावं लागेल हे मात्र पक्कं दिसत असताना, त्या बोलल्या. तुझ्या डॉक्टरबाई त्याच वाटेने चालताहेत.

तू शेवटी लिहिलंस, “तशा त्या स्ट्राँग आहेत, त्यांना फरक पडत नाही.” हे वाक्य मात्र मनातून खोडून टाक, बाळ. तू डॉक्टर होणार आहेस म्हणून कळकळीने सांगते. 1840 च्या दशकात तुझ्याच राज्यात, मॉन्टगोमेरीला, मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. बाळंतपणात झालेल्या इजेवरचा इलाज तो शोधत होता. एकीवर सुमारे 30 वेळा. अनार्का, बेट्सी, लूसी. सिम्सने तिघींची नुसती नावं लिहून ठेवली, आडनावाची नोंद ठेवण्याची त्याला गरज वाटली नाही. सिम्सला मात्र पुढे स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून मान मिळाला. 2021 मध्ये मॉन्टगोमेरीत त्या तिघींचे मोठाले धातूचे पुतळे उभे राहिले. सुट्टी मिळाली की जाऊन ये.

‘यांना सोसतं’ हा समज तिथून आजपर्यंत चालत आलाय. 2017 मध्ये टेनिसपटू सेरेना विल्यम्सला बाळंतपणानंतर श्वास लागला. फुप्फुसात रक्ताच्या गाठी होण्याचा त्रास तिला आधी झालेला होता. कुठला स्कॅन करा, रक्त पातळ करण्याचं औषध द्या, हे तिने स्वतःच सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकामुळे बरळतेय. आधी पायांची सोनोग्राफी केली, मग कुठे तिने सांगितलेला स्कॅन, आणि गाठी सापडल्या. जगज्जेत्या बाईची ही कथा. अमेरिकेत गरोदरपण-बाळंतपणाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या तुलनेत कृष्णवर्णीय बायकांमध्ये तिपटीच्या आसपास आहे. ‘स्ट्राँग’ म्हणून कौतुक करणं सोपं असतं. तेवढं केलं की तिचं दुखणं ऐकून घ्यायची जबाबदारी संपते.

आपण यापासून लांब आहोत असंही समजू नकोस. आपल्याच गावात शेंबडी पोरं दलित वस्तीतल्या पांढऱ्या केसांच्या माणसांना अरे-तुरे करायची आणि घरातलं कुणी त्यांना अडवत नसे. अमेरिकेत आलेली आपली शिकलेली माणसंसुद्धा जेवणाच्या पंगतीत ‘काळ्यां’बद्दल काय काय बोलतात, ते तू ऐकशीलच. तिथे गप्प बसू नकोस. मोठ्यांना उलट बोललीस म्हणून कुणी रागावलं तर माझं नाव सांग.

आता सोमवारी काय करायचं ते सांगते. त्यांच्याकडे जाऊन रडवेली माफी मागू नकोस, त्यांना तुझीच समजूत काढत बसावं लागेल. मीटिंगमध्ये त्यांचा उल्लेख करताना ‘डॉक्टर’ आणि आडनाव म्हण. दुसरं कुणी चुकलं तर त्यांच्या आधी तू दुरुस्त कर, शांतपणे, आणि पुढच्या मुद्द्यावर जा. दर वेळी त्यांनीच का बोलायचं? उद्या तुझंही नाव कुणी मोडून-तोडून घेईल, तेव्हा ठामपणे कसं बोलायचं हे तू त्यांच्याकडूनच शिकलेली असशील. तुझा आणि त्यांचा अनुभव एकच आहे, असं मात्र त्यांना सांगायला जाऊ नकोस.

आणि त्यांच्या ओपीडीत बसायला मिळालं तर ती संधी सोडू नकोस. पेशंट ‘दुखतंय’ म्हणाली की त्या पुढचा प्रश्न कोणता विचारतात, ते नीट बघ आणि मला सविस्तर लिही.

तुझी,
मावशी