शिबिरात साखर वाढलेली, केंद्रात मात्र ठीक

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आमचा महिला गट वाड्यावर मोफत आरोग्य तपासणी ठेवतो. गेल्या एप्रिलात सकाळभरात दीडशे माणसं आली. बऱ्याच जणांची साखर जास्त निघाली, पण आरोग्य केंद्रात ती ठीक आली. आता लोक म्हणतात, तुमचं मशीनच खोटं. चुकलं कुठे?

उत्तर : मशीनआधी बोटं पाहा. एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. पहाटे बोंडू (काजूची फळं) वेचून, त्यांच्या बिया पिळून काढून माणूस थेट तुमच्या टेबलावर येतो. बोटावर सुकलेल्या रसातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा फुगतो. सॅनिटायझरने ती निघत नाही. साबण-पाण्याने हात धुवायला लावा आणि पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा उलट कमी येतो. पहिला थेंब कापसाने पुसा, दुसरा मशीनच्या पट्टीला लावा. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच बंद करा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. लॅन्सेट (बोटाला टोचायची सुई) प्रत्येकाला नवी. वापरलेल्या सुया जाड, झाकणाच्या डब्यात टाकून केंद्रात परत द्या.

शेवटचं कधी खाल्लं, हेही आकड्याशेजारी लिहा. साखर १४० किंवा जास्त आली म्हणून लगेच ‘मधुमेह आहे’ असं कुणाला सांगू नका. केंद्रात उपाशीपोटी तपासायला पाठवा.

रक्तदाबालाही घाई चालत नाही. पाच मिनिटं खुर्चीला टेकून बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. अर्ध्या तासात चहा-विडी झालेली नको. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब जास्तच दिसतो, म्हणून मोठा पट्टा जवळ हवाच. मिनिटभराने पुन्हा मोजा. असं केलं तर एका टेबलावर तासाला बाराच जण होतात. दोन टेबलं, चार तास, म्हणजे शंभराच्या आत. दीडशे फार झाले. १८०/१२० च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर १०८.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मंडपात नकोच, केंद्रातली वेळ ठरवून द्या.

सगळ्यांत महत्त्वाची तुमची वही. त्यात दोन रकाने आखा : ‘पाठवलं’ आणि ‘पोचले’. पंधरा दिवसांनी दुसरा रकाना कोरा दिसला की त्या घरी जा. रोज बुडतो का, बस जुळत नाही का, सोबत कुणी हवं का, विचारा आणि पुढची तारीख लिहूनच परता.